माझा ठिपका कोणता?

दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघर जी झाडलोट चालते, तिच्यात वादाचा एक प्रसंग हमखास येतो. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली उतरते. तिच्यात आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, ओळख न लागणारे दोन-चार फोटो आणि घरात कुणालाच वाचता न येणारे मोडी लिपीतले कागद निघतात. यजमान म्हणतात, "ठेवा." यजमानीणबाई म्हणतात, "टाका." अखेर ट्रंक पुसून पुन्हा माळ्यावर चढते आणि पुढच्या दिवाळीला तोच खटला नव्याने उभा राहतो. ठेवणे आणि टाकणे यांखेरीज वापरणे हा एक तिसरा मार्ग आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

समाजाचीही अशी एक ट्रंक असते. हस्तलिखिते, चित्रे, नकाशे, दानपत्रे, गाणी असे नाना प्रकारचे सामान तिच्यात भरलेले असते, आणि ते सांभाळणारे लोकही पुष्कळदा आपल्या यजमानांसारखेच असतात. ठेवतात निगुतीने, पण हात लावू देत नाहीत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र जगातल्या काही मोठ्या संस्थांनी या ट्रंकेचे कुलूप काढून टाकले. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ साली आपल्या संग्रहातील सव्वा लाख वस्तूंची उत्तम छायाचित्रे संगणकाच्या जाळ्यावर मांडली आणि लोकांना सांगितले, न्या, कापा, जोडा, यांतून काही नवे घडवा. एवढ्यावर न थांबता नवे घडवणाऱ्यांसाठी पुढे बक्षिसेही ठेवली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने २०१३ च्या डिसेंबरात जुन्या पुस्तकांतली दहा लाख चित्रे अशीच मोकळी केली, तेव्हा हौशी लोकांनी त्या ढिगातून हजारो नकाशे शोधून काढले आणि आजच्या नकाशांवर नेऊन बसवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली पावणेचार लाख छायाचित्रे कसलीही अट न घालता देऊन टाकली.

या साऱ्या प्रकाराला 'खुला वारसा' म्हणता येईल. नाव थोडे जड आहे, पण कल्पना आपल्या गावच्या पाणवठ्याइतकी साधी आहे. विहीर सर्वांची, पाणी सर्वांनी न्यावे, कुणी स्वयंपाकाला वापरावे, कुणी झाडाला घालावे. मात्र विहीर कुणी खोदली ते विसरू नये आणि पाणी गढूळ करू नये. शेवटच्या या दोन अटी पुष्कळांना आठवत नाहीत. आज मला बोलायचे आहे ते त्यांच्याविषयीच.

आपल्याकडचे सामान काही थोडेथोडके नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यांतले निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापून काढले. कायद्याचीही थोडी मदत आहे. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या पुस्तकांवरचा हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचे सारे लेखन तुमच्याआमच्या मालकीचे झाले. त्यात 'स्त्रीजीवन' हा त्यांचा ओव्यांचा संग्रहही आला.

ओव्यांचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. माझ्या समजुतीप्रमाणे महाराष्ट्राच्या ट्रंकेतला सर्वांत मोठा ऐवज पेशव्यांच्या दप्तरात नाही, तो जात्यावरच्या ओव्यांत आहे. आणि तो चांगला मोठा मोजलाही गेलेला आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि जन्माने फ्रेंच पण पुढे भारताचे नागरिक झालेले गी पॉइटवाँ या दोघांनी मुळशी-मावळच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करता करता ओव्या गोळा करायला आरंभ केला. संघटनेतल्या खेड्यापाड्यांतल्या बायका या कामात नुसत्या सांगणाऱ्या नव्हत्या, गोळा करणाऱ्याही होत्या. बघता बघता महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोहोंचे जाणकार त्यांना येऊन मिळाले, आणि कागदावरच्या ओव्यांच्या जोडीला शंभरावर तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. पण ऐवज बुडाला नाही. २०१७ सालापासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' म्हणजे थोडक्यात 'पारी' ही संस्था त्या ओव्या मूळ आवाजासह आणि भाषांतरासह लोकांपुढे ठेवीत आहे. आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्या बायकांचा आवाजही त्यांत ऐकायला मिळतो.

या संग्रहाचा एक विशेष मला फार मोलाचा वाटतो. जुन्या काळी ओव्या छापताना ओवीखाली म्हणणारीचे नाव द्यायची रीत नव्हती. ओवी 'लोकांची', आणि लोकांना कुठे नाव असते? या संग्रहात मात्र ओवीपुढे बाईचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, विषय आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली मुद्रित झाला. आज त्या हयात नाहीत, पण तो आवाज कुणा 'एका ग्रामीण स्त्री'चा म्हणून राहिलेला नाही, गंगूबाईंचा म्हणून राहिला आहे. चित्रकाराने चित्राच्या कोपऱ्यात सही करावी, तशी ही सही आहे.

आता प्रश्न असा की लाख ओव्यांचे करायचे काय? मिनिटाला एक याप्रमाणे रोज आठ तास वाचीत बसले, तरी दोनशेहून अधिक दिवस लागतील. एवढी रजा कोणते कॉलेज देईल? तेव्हा सगळे वाचण्याऐवजी सगळे एका नजरेत दिसेल असे काही करावे लागते. व्यापारी वर्षाची उलाढाल एका कागदावर उतरवतो, वैद्य तापाचा आलेख काढतो, त्यातलाच हा प्रकार. ओव्यांचे चित्र काढायचे.

असे चित्र किती तऱ्हांनी काढता येईल, ते पाहा. पहिली तऱ्हा नकाशाची. ओवी ज्या गावात म्हटली गेली तिथे एक टिंब द्यायचे, आणि तिच्यात ज्या गावाचे नाव येते तिथवर रेघ ओढायची. पंढरीकडे, आळंदीकडे, जेजुरीकडे, बाजाराच्या गावाकडे आणि मुख्य म्हणजे माहेराकडे रेघा धावू लागतील. सरकारी नकाशात दोन गावांमधले अंतर मैलांत किंवा किलोमीटरांत असते, या नकाशात ते ओढीत असेल. त्यात आणखी एक रकाना जोडावा, ओवी म्हणणारीचे माहेर कोणते याचा. कारण ओवी शिकली जाते आईच्या जात्यावर आणि म्हटली जाते सासूच्या जात्यावर. बाई ज्या वाटेने सासरी गेली त्याच वाटेने ओवीही गेली. माहेर ते सासर असे बाण काढले, की मराठी कविता एका गावाहून दुसऱ्या गावाला कोणत्या वाहनाने गेली ते दिसेल. ते वाहन म्हणजे लग्नाची बैलगाडी.

दुसरी तऱ्हा मोजणीची. ओव्यांत आई किती वेळा येते, भाऊ किती वेळा, लेक किती वेळा, आणि धनी किती वेळा? परवा भाऊबीजेला ताटातले निरांजन ओवाळताना ज्या भावाचे कौतुक होईल, तो ओव्यांतही पानोपानी भेटतो, हे जाणकारांना ठाऊक आहे. पण हे कौतुक देशावर अधिक की मावळात, थोरल्या बहिणीच्या तोंडी अधिक की धाकटीच्या, हे मोजल्यावाचून कळायचे नाही. तिसरी तऱ्हा चालीची. ओवीच्या चालीला बायका 'गळा' म्हणतात. एकच ओवी चार गावांत चार गळ्यांवर म्हटली जाते. गळ्यांना निरनिराळे रंग देऊन गावे रंगवली, तर ऐकू येणारी गोष्ट डोळ्यांना दिसू लागेल.

इथे काही रसिक वाचक नाक मुरडतील. ओवी ही काय मोजायची चीज आहे? काव्याचे गणित मांडून काय हाती लागणार? शंका रास्त आहे. पण पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी तमक्या देवाला अशी क्रमाने ओवी म्हणण्याची रीत बायकांनीच घातली आहे ना? रांगोळीचे ठिपके, भरतकामाचे टाके, पायलीतले धान्य, मुलांचे महिने, हे सारे त्या मोजीतच आल्या. मोजणे आणि माया यांचे वैर नाही. गोधडी शिवणारी बाई प्रत्येक तुकडा कुणाच्या लुगड्याचा ते सांगू शकते आणि टाक्यांची ओळही चुकू देत नाही.

हे नुसते तर्काचे बोलणे नव्हे, याचा एक लहानसा प्रयोग मी गेल्या चैत्रात केंदूरला पाहिला. पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरपर्यंत जावे आणि तिथून उत्तरेकडे वळावे, म्हणजे केंदूर लागते. पाऊसमान बेताचे, माणसे चिवट. वारकरी संत कान्हुराज पाठक यांचे हे गाव, त्यांचे देऊळ इथे आहे. इतिहासाच्या पुस्तकात केंदूरचे नाव येते ते निराळ्या कारणाने. थोरल्या बाजीरावांनी मस्तानीला जी गावे दिली, त्यांत पाबळ आणि लोणी यांच्याबरोबर केंदूर होते. मस्तानीची कबर शेजारच्या पाबळला आहे. म्हणजे मौज पाहा, एका बाईच्या नावे गाव लिहून दिले गेले म्हणून ते कागदोपत्री उरले. पण त्या काळात त्याच गावात रोज पहाटे जी शेकडो जाती फिरत होती, ती फिरवणाऱ्या एकीचेही नाव कुठल्या कागदावर नाही.

माझ्या एम.ए.च्या वर्गात केंदूरचा एक मुलगा आहे. त्याने आणि त्याच्या तीन मित्रमैत्रिणींनी सुटीच्या दिवशी गावात घरोघर हिंडून म्हाताऱ्या बायकांकडून दीड-दोनशे ओव्या लिहून घेतल्या. जाती बहुतेक घरांत आता अंगणात पालथी पडलेली, दळण गिरणीतून येते. "जातं थांबलं तवा ववी बी थांबली," असे एका आजींनी त्यांना सांगितले, आणि असे सांगून लागोपाठ अकरा ओव्या म्हटल्या. मुलांनी मोठ्या वहीत रकाने आखले. अनुक्रमांक, ओवी, म्हणणारीचे नाव, सासर, माहेर, तारीख, विषय. रकाने आखण्याचा आग्रह त्यांच्यातल्या एका मुलीचा. ती हिशेबनिसाची लेक, तिला क्रमांकावाचून चैन पडत नाही.

वही भरली, पण वही गावात दाखवायची कशी? ज्यांच्या ओव्या त्यांतल्या निम्म्या बायकांना अक्षर येत नाही. संगणकावर रंगीत आलेख काढणे मुलांना येत होते, पण तो आलेख आजींच्या काय कामाचा? तेव्हा त्या मुलीनेच तोड काढली. महिना चैत्राचा, चैत्रांगणाचा. चैत्रांगणात सूर्य, चंद्र, गाय, तुळस, पाळणा अशी चिन्हे काढून बायका आपले सगळे जग अंगणात मांडतातच. मग ओव्यांचीही ठिपक्यांची रांगोळीच काढू.

एका घरासमोरचे मोठे अंगण सारवून घेतले. मधोमध खुंटा, त्याभोवती जात्याच्या पाळीसारखी वर्तुळे. प्रत्येक ओवीला एक ठिपका. माहेरच्या ओव्या लाल, देवाच्या पिवळ्या, लेकराच्या हिरव्या, सासरच्या निळ्या, शेतीभातीच्या पांढऱ्या. एकाच बाईच्या ओव्यांचे ठिपके एका बारीक पांढऱ्या रेघेने जोडलेले. सकाळी सहाला बसलेली मुले साडेदहाला उठली, तेव्हा अंगणात रंगांचे एक मोठे जाते तयार झाले होते आणि लाल रंगाने जवळजवळ अर्धी पाळी व्यापली होती.

बायका जमल्या. प्रथम कौतुक झाले. "आगं, ह्ये तांबडं समदं म्हायेराचं? मंग सासरला काय केलं आपुन?" असे एकीने म्हणताच हशा पिकला. मुले आलेख समजावून सांगण्याच्या तयारीने आली होती, पण समजावण्याची गरज पडली नाही. ठिपके मोजणे हा ज्यांचा जन्माचा उद्योग, त्यांना आलेख काय समजावायचा?

मग काठी टेकीत एक आजी पुढे आल्या. ऐंशीच्या घरातल्या असाव्यात. त्यांनी रांगोळीभोवती एक पुरी फेरी घातली आणि त्या मुलीला विचारले, "बाय, ह्यात माझा ठिपका कंचा?"

मुलीने वही उघडली. आजींचे नाव शोधले, क्रमांक पाहिले, आणि पाळीच्या कडेने जाऊन एक तांबडा ठिपका दाखवला. मग दुसरा, मग तिसरा. "ही तुमची आईची ओवी, ही भावाची, आणि ही पिवळी विठ्ठलाची." आजी वाकल्या, तिन्ही ठिपके पाहिले. पिवळ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही इठ्ठलाची न्हाई."

"आजी, ओवीत विठ्ठलाचं नाव आहे," मुलगी म्हणाली.

"नाव आसंल. माझा भाऊ वारीला ग्येला त्यो माघारी आला न्हाई. त्येची ववी हाय ती. इठ्ठलाला म्या नुस्तं इचारलंया."

क्षणभर कुणी काही बोलले नाही. मुलीने पिवळा ठिपका बोटाने पुसला आणि त्या जागी तांबडी रांगोळी सोडली. आजींनी कनवटीच्या डबीतले चिमूटभर कुंकू काढले आणि त्या ठिपक्यावर वाहिले.

ती एक रंगाची दुरुस्ती माझ्या मते त्या दिवसाचे सर्वांत मोठे फळ होते. ओवीत विठ्ठल हा शब्द आहे म्हणून ती भक्तीच्या रकान्यात टाकावी, हे मी केले असते, तुम्ही केले असते, आणि संगणक तर डोळे मिटून करील. ओवी भावाची आहे हे सांगू शकणारे माणूस जगात एकच, आणि ते रांगोळीपाशी काठी टेकून उभे होते. चित्र पुण्यात राहिले असते, तर ही चूक सुबक रंगात छापून निघाली असती, आणि तिच्यावर कुणी प्रबंधही लिहिला असता. चित्र माघारी गावात गेले म्हणून ती पकडली गेली. आणि नाव जपले होते म्हणून आजींना आपला ठिपका सापडला. वहीत नावाच्या जागी 'ग्रामीण स्त्री, वय सुमारे ८०' एवढेच लिहिले असते, तर त्या प्रश्नाला त्या मुलीजवळ काय उत्तर होते?

पण नावाची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही, हेही त्याच अंगणात कळले. थोड्या वेळाने एक मावशी त्या मुलीला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "त्या निळ्यातली माझी वाचू नगंस हां. जावबाई हितंच हाईत." आणखी एकीने सांगितले, ओवी ठेवा, पण नाव काढा. सासूच्या जाचाची, दिराच्या बोलण्याची, नवऱ्याच्या हाताची ओवी पहाटेच्या काळोखात जात्याच्या घरघरीआड म्हटलेली असते. जात्यापुढे मन मोकळे करणे वेगळे, आणि साऱ्या जगापुढे नावानिशी ते मांडले जाणे वेगळे. मुलांनी त्या दोघींच्या ओव्यांपुढचे नाव तिथल्या तिथे झाकले. वहीत एक नवा रकाना वाढला, 'नाव द्यावे की न द्यावे'. त्याखाली दर बाईला विचारून खूण केली. बहुतेकींनी द्यावे म्हणून सांगितले. एकीने तर माहेरचे नाव घाला, सासरचे नको, अशी अट घातली, आणि तीही पाळली गेली.

मला वाटते, खुल्या वारशाची सारी नीती या एका रकान्यात आहे. हल्ली 'खुले' या शब्दाचा अर्थ बेवारस असा करण्याची चाल पडू लागली आहे. एखादी ओवी जाळ्यावर सापडली, की कुणी तिला नवे वाद्यमेळ चढवून गाणे काढतो, कुणी ती साडीच्या पदरावर छापतो, कुणी शुभेच्छापत्रावर. यात वाईट काही नाही. वारसा वापरला जावा हेच तर आपले म्हणणे आहे. पण ओवीखालचे नाव या प्रवासात पहिल्याच मुक्कामाला गळते. कायद्याला ओवीची मालकीण दिसत नाही, कारण कायदा 'ही कविता लिहिली कोणी' असे विचारतो, आणि ओवी कुणी एकीने लिहिलेली नसते. ती आजीकडून आली, आईने वळवली, लेकीने तिच्यात आपल्या भावाचे नाव घातले. पण कायद्याला न दिसणारी बाई आपल्याला दिसू नये, असे थोडेच आहे? 'पारी'सारख्या संस्था आपल्या मजकुरापुढे अटी लिहून ठेवतात, श्रेय द्या, धंदा करू नका, मजकुरात फेरफार करू नका. या अटी बारीक अक्षरांत असतात म्हणून त्या वाचायच्या नसतात, असे समजू नये. अटीच्या पलीकडचे काही करायचे मनात असेल, तर चार ओळींचे पत्र लिहून विचारावे. विचारण्याने कुणाचे काही जात नाही.

उलट टोकालाही जाऊ नये. नावे जपायची म्हणून वह्या कपाटात कोंडून ठेवणारे विद्वान मी पाहिले आहेत. त्यांच्या पश्चात त्या वह्यांचे काय होते, ते रद्दीवाल्याला विचारावे. राईरकर आणि पॉइटवाँ या दोघांच्या माघारीही ओव्या उरल्या, कारण त्या नावानिशी, गावानिशी, रकान्यारकान्यांत मांडलेल्या होत्या आणि दुसऱ्याच्या हाती देता येण्याजोग्या होत्या.

आता तुमच्याआमच्या घरातली गोष्ट. दिवाळीच्या सुटीत मुले घरी आहेत. कुणाची आजी, कुणाची आत्या, कुणाची गावाकडची काकू फराळाला येईल. शहरातल्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजीच्या तोंडीही ओवी असते, नाहीतर पाळण्याचे गाणे असते, भोंडल्याचे असते, निदान घासलेट मिळेना तेव्हाची एखादी हकीगत असते. मुलांना शंभर पानांची एक वही द्या आणि तिच्यात सात-आठ रकाने आखायला सांगा. काय म्हटले, कुणी म्हटले, कुणाकडून शिकली, माहेर कोणते, सासर कोणते, तारीख कोणती, कशाविषयी आहे, आणि शेवटचा रकाना, नाव द्यावे की न द्यावे. शब्द जसे उच्चारले तसेच लिहावेत, 'शुद्ध' करू नयेत. 'ववी'ची 'ओवी' करण्याची खाज दाबून ठेवावी. फोनवर आवाज धरून ठेवता आला, तर दुधात साखर. मात्र आधी विचारावे.

मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दारात रांगोळी काढायचीच असते, ती एकदा या वहीवरून काढून पाहा. जितकी गाणी तितके ठिपके. आजीच्या गाण्यांना एक रंग, आत्याच्या गाण्यांना दुसरा. घरातल्या कुठल्या बाईने किती साठवून ठेवले आहे, ते उंबऱ्यात उभे राहून दिसेल. आणि रंग कुठे चुकला आहे, ते आजीला विचारावे. ती पाटावर बसून, चष्मा पुसून, खात्रीने एखादा ठिपका बदलायला लावील. वहीत तो तिच्या देखत बदलावा आणि पुढे तारीख घालावी.

केंदूरची ती रांगोळी संध्याकाळच्या वाऱ्याने विसकटली. वही मात्र त्या मुलीने नीट दोन प्रतींत उतरून काढली. एक प्रत कॉलेजात आहे. दुसरी केंदूरलाच ठेवली आहे, आणि तिच्या पुठ्ठ्यावर सगळ्या बायकांची नावे आहेत, फक्त दोन जागा कोऱ्या सोडून.